दगड बसवलेला माणूस

मागच्या महिन्यात जिल्हा कचेरीतून टपालानं एक पाकीट आलं. आत दोन कागद होते. महायुद्धाच्या काळात आपल्या भागातून ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर रस्त्याच्या कामाला नेलेल्या मजुरांना किंवा त्यांच्या वारसांना आता काही रक्कम द्यायचं सरकारनं ठरवलं आहे, असं पहिल्या कागदावर होतं. चैतू नावाच्या इसमाच्या जुन्या प्रकरणात चौकशी आपण केली होती, तरी काही माहिती असल्यास कळवावी. दुसरा कागद म्हणजे माझ्याच अहवालाची नक्कल. अक्षर पाहून आधी बरं वाटलं. त्या वयात माझं अक्षर सुरेख होतं. मग मजकूर वाचला. 'सदर इसम युद्धात मयत असून त्यास वारस नाही. प्रकरण निकाली काढण्यास हरकत नसावी.'

हे लिहिलं त्याच्या आठवडाभर आधी मी त्या सदर इसमाबरोबर जंगलातून दोन दिवस जाताना आणि दोन दिवस येताना चाललो होतो. माझी पिशवी त्यांच्या खांद्यावर होती, आणि पिशवीत त्यांचीच फाईल होती.

कचेरीला मी उत्तर पाठवलं आहे. चैतू युद्धात मेले नव्हते, आणि मोबदला ज्यांच्या घरी जावा असं त्यांना वाटत होतं ती दोन घरं अमुक गावातली, एवढं एका पानात लिहिलं. त्या घरांत आज कोण आहे मला माहीत नाही. ते शोधणं सरकारला जड जाऊ नये. पण त्या एका पानात माणूस काही आला नाही. तो मी इथे लिहितो. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करत होतो. आम्ही कारकून मंडळी जंगलातल्या सगळ्यांनाच करत असू. निदान लिहिताना तरी ते नको.

सन पंचावन्न-छप्पनची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि मुंबई राज्यात जाणार असं ठरत आलं होतं. मी चोवीस वर्षांचा कनिष्ठ कारकून, नोकरी अजून कायम व्हायची होती. मूळचा वरोऱ्याकडचा, कापसाच्या मुलखातला. जंगल मला लाकडाच्या टालापुरतंच, म्हणजे वखारीपुरतंच माहीत.

फाईल आली ती एका इंग्रज इंजिनीअर साहेबामुळे. विलायतेत परत गेल्यावर ह्या गृहस्थानं दहा वर्षं पत्रं लिहिली होती. त्यानं लिहिलं होतं, माझ्या हाताखाली चांदा जिल्ह्यातला चैतू नावाचा लाकूडतोड्या होता. त्यानं झाड पाडून नदीवर पूल केला आणि मला नि वीसेक माणसांना जपान्यांच्या वेढ्यातून बाहेर काढलं. पुढं तो तापानं इस्पितळात पडला आणि माझी त्याची ताटातूट झाली. त्याचं किंवा त्याच्या घरच्यांचं सरकारनं काहीतरी करावं. ही पत्रं फिरत फिरत आमच्या तहसील कचेरीत येऊन पडली होती. चैतूचं गाव सूरजागडच्या डोंगरापलीकडचं, माडिया आदिवासींचं. उन्हाळ्याचे दिवस. वरिष्ठांपैकी कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून मला पाठवलं.

एटापल्लीच्या पटवाऱ्यानं वाट दाखवायला माणूस दिला. "हा लालसू. त्याच गावचा हाय. मराठी येते, हिंदी बी येते. पिशवी बी घेईन तुमची."

लालसूभाऊ चाळिशीचे असावेत. बुटके, रुंद, उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. कमरेला दोरीनं बांधलेला लष्करी पत्र्याचा मग. पाठीवर माझी पिशवी, हातात कुऱ्हाड. पुढं चालायचे आणि मागं वळून पाहायचे नाहीत, पण मी दमून थांबलो की तेही थांबलेले असायचे. वाटेत आडवं पडलेलं झाड आलं की ते ओलांडत नसत, शेंड्याकडून वळसा घालत. मी एकदा सरळ ओलांडलं तर म्हणाले, "निजला हाय तो, बाबू. निजल्या माणसाच्या वरून कोनी जाते काय?"

"अरे, ते वाळलेलं लाकूड आहे."

"तुमच्या घरी बुढे लोकं नाई का?" ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसत पुढं गेले.

दुसरी त्यांची सवय मला आधी विनोदी वाटली. कुठलाही नाला आला की मला आधी पार जाऊ द्यायचे. स्वतः पार झाले की उभे राहून माझ्याकडे बोट करायचे, "एक." मग स्वतःच्या छातीवर, "दोन." मगच पुढं पाऊल. नाल्यांत पाणी कसलं, नुसती तापलेली वाळू. चौथ्या-पाचव्या नाल्याला मी म्हणालो, "लालसू, दोनच तर माणसं आहोत. हरवणार कोण?"

"दोनातला एक बी हरवते, बाबू."

दुपारी एका जांभळाखाली आम्ही बसलो. मगात त्यांनी बिनसाखरेचा चहा केला, आधी मला दिला. बोलता बोलता मी विचारलं, तुमच्या गावचा चैतू कोण, तुला माहीत आहे का?

ते इतके हसले की चहा सांडला. "चैतू? लय भित्रा होता जी तो! आलापल्लीच्या ठेकेदारानं लोकं नेले लढाईवर, रस्ते कराले. चैतू गेला, दुंगा गेला, मासा गेला. एका गावचे तिघं. रेलगाडीत बसवलं त चैतू डोळे मिटून बसला. म्हणे, बाहीर झाडं पळून राह्यले, एवढ्याइची मुळं कोन तोडली? दुंगानं त्याले चिमटे घेऊ घेऊ उठवलं."

"आणि नदीवरचा पूल?"

त्यांनी तो पत्र्याचा मग पालथा घातला, पाला घेऊन पुसला.

"साहेबाच्या पायाले गोळी लागली होती. मागून जपानी. समोर नदी, हत्ती वाहून जाईन असं पाणी. साहेब म्हणे जल्दी करो, जल्दी करो. अन् चैतू आपला झाडाच्या भवती फिरून राह्यला. हात लावते, वर पाहते. साहेब शिव्या देते. पन झाड कोनीकडं पडाचं ते झाडाच्या मनात असते ना जी. त्याले विचारा लागते. मंग काटलं. पडलं बरोबर, या काठापासून त्या काठाले. लोकं पार झाले. साहेबाले पाठीवर नेलं. पार झाल्याबरोबर साहेब म्हणे, अब काट दो, नाहीतर जपानी येते. चैतूनं काटलं. झाड गेलं पाण्यात."

मगाची दोरी ते कमरेला बांधू लागले.

"मंग पाह्यलं त दुंगा अन् मासा नाई. ते मागं होते. त्याइच्या खांद्यावर एक बिमार मानूस होता, म्हणून मागं राह्यले. त्या काठाले येऊन उभे झाले. ओरडले बी नाई. नुसते पाहून राह्यले." मग म्हणाले, "चैतूनं मोजलं नाई त्या दिवशी."

हे सगळं त्यांनी एखाद्या मेलेल्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगितलं, राग होता तोही दुसऱ्या कोणावर असावा तसा. मला तेव्हा काहीच कळलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. संशय आला होता. पण पिशवीतल्या कागदांत त्या संशयाला रकाना नव्हता.

गाव वीस-बावीस झोपड्यांचं. शिवेपाशी मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड होते, काही गुडघ्याएवढे, काही छातीएवढे. जुन्यांवर शेवाळ वाळून काळं पडलं होतं. एका अंगाला एका ओळीत तीन दगड त्या मानानं नवे दिसत होते. लालसूभाऊंनी पिशवी खाली ठेवली, त्यांतल्या तिसऱ्या दगडाला पाठ टेकून बसले आणि विडी काढली. तेवढ्यात मोहाची टोपली घेऊन एक वाकलेली म्हातारी आली. त्यांना पाहून तिनं माडिया भाषेत काहीतरी मोठ्यानं सुनावलं. जमलेले सगळे हसले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

लालसूभाऊ विडी मागं लपवत म्हणाले, "म्हणते, मेल्या, दुसऱ्याचे दगड पाठीनं तेलकट होतीन म्हणून आपल्याच दगडाले टेकतो काय?"

ती दुंगाची आई होती.

मग गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, मला सगळं सांगितलं. लालसूभाऊंनीच ते मराठीत करून दिलं. लढाईच्या काळात ठेकेदाराकडून एक छापील कागद आला. तिघंही बेपत्ता, मेले असं समजावं. गावानं रीतीप्रमाणे तिघांचं केलं, डुक्कर कापलं, तीन दगड बसवले, तिघांचे जीव बोलावून त्या दगडांत ठेवले. चैतूचं शेत भावाकडं गेलं. आणि वर्षभरानं, इस्पितळातून सुटून, चैतू चालत गावात आला.

"मग दगड काढून टाकायचा," मी म्हणालो.

गायता म्हणाला, बसवलेला दगड काढता येत नाही. त्यात ठेवलेला जीव मग कुठं जाईल? त्यानं चैतूला काही दिवस शिवेबाहेर ठेवलं. गावानं विचार केला. शेवटी त्याच्या अंगावर पाणी घातलं, नवं नाव दिलं आणि दुंगाच्या आईच्या दारातून आत घेतलं. तिचा मुलगा गेला होता, तर हा तिच्या पोटी आला असं ठरलं. त्या दिवसापासून ते लालसू. ते तिची शेती करत, आणि मासाच्या बायकोचीही. तिला तीन लहान मुलं होती.

मी फाईल उघडली आणि रीतसर विचारलं, "चैतू जिवंत आहे का?"

"मेला," गायता म्हणाला.

"लालसू, तू चैतू आहेस का?"

"नाई जी. चैतू त मेला. मीच तेल लावतो त्याच्या दगडाले."

ह्यात लबाडी नव्हती. सरकारला फसवायचं तर माणूस मेलेला जिवंत दाखवील; जिवंत असताना स्वतःला मेलेला सांगून हातचं कोण घालवतो? त्या गावात ते खरंच होतं. आणि माझ्या फाईलमध्येही ते खरं मांडता आलं असतं, चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर.

परत येताना पहिल्या दिवशी ते नाल्यांवर मोजत होते तेवढंच. दुसऱ्या दिवशी एटापल्ली जवळ आल्यावर म्हणाले, "बाबू, त्या कागदात दुंगाचं नाव हाय?"

"नाही."

"मासाचं?"

"नाही. साहेबाला एकच नाव आठवत होतं."

"म्हणजे त्या दोन घराले काई नाई."

मी त्यांना नियम समजावून सांगितला. नियम समजावून सांगायला मला तेव्हा आवडायचं. मोबदला चैतूचा. चैतू हजर झाला, त्यानं अंगठा दिला, दोन माणसांनी ओळख पटवली, तर मिळेल. मग त्यानं तो कोणाला द्यावा हे सरकार विचारत नाही.

ते कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभे राहिले.

"तुमी किती दिवस कागद ठेवसान?"

"का?"

"आठ दिवस ठेवा. चैतूले विचारतो."

मी हसलो नाही, एवढं माझ्या बाजूनं सांगता येईल. मी म्हणालो, "ठेवतो."

कचेरीत परतलो तर वेगळीच धावपळ. राज्य बदलायच्या आधी जुनी प्रकरणं संपवायची होती. तहसीलदार साहेब रोज यादी घेऊन बसत. माझं प्रकरण आलं तेव्हा मी सांगायला सुरुवात केली की साहेब, जरा गुंतागुंत आहे, तिथे एक रीत आहे... त्यांनी चष्मा काढला. "काऊन रे, तुले कथा लिहाले पाठवलं होतं का? मेला का जिता, एका ओळीत सांग. अन् जिता असन त पुन्हा तू जाशील, पंचनामा करशील, साक्षीदार आणशील. पावसाळा लागला त चार महिने तिकडंच राहशील. तुझ्या नोकरीचा कागदही माझ्याच टेबलावर हाय बरं."

त्यांनी धमकी दिली असंही नाही. ते हसून बोलले. मी जागेवर जाऊन ते सुरेख अक्षरातलं वाक्य लिहिलं, भाऊ असूनही 'वारस नाही' हेही त्यातच. तो परत आल्याचा तिसरा दिवस होता.

आठव्या दिवशी सकाळी लालसूभाऊ आले. चार पायऱ्या चढून दारात उभे राहिले. अंगात खाकी सदरा होता, पेटीत घडी करून ठेवलेला असावा, घड्यांवर रंग उडालेला. मी मान वर केली तसे त्यांनी टाचा जुळवल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "चैतू, हाजिर!"

कचेरीतले सगळे वळून पाहायला लागले. चपराशी हसला.

मी त्यांना बाजूला घेतलं. ते भराभर बोलत होते, इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "गायता नाईच म्हणे. म्हणे, ते नाव घेशील त तू दगडातला. दगडातल्याले घरात भाकर नाई वाढता येत, इथी परत नको येऊ. म्या म्हटलं बरं. दुंगाची माय रडली. तिले म्हटलं, मी नाई येनार, पन सरकार येईन तुह्या घरी, अन् मासाच्या घरी. दोन साक्षीदार आणले हायत, एटापल्लीचे. खाली बसले हायत झाडाखाली. कुठी देऊ अंगठा?"

"फाईल गेली," मी म्हणालो.

"कुठी?"

"चांद्याला. तिथून पुढं नागपूरला."

फाईल गेली नव्हती. ती माझ्या पाठीमागच्या कपाटात, डाकेच्या थैलीत होती आणि थैली दुसऱ्या दिवशी निघणार होती. माझ्यापासून चार हातांवर. ती काढायची, आत जायचं, आणि साहेब, मी खोटं लिहिलं, असं म्हणायचं. एवढंच करायचं होतं. मला नोकरीचा कागद दिसत होता, आणि माझ्या पगाराची वाट पाहणारे वरोऱ्याचे आईवडील. पण आईवडिलांना मी उगाच पुढं करतो. मला साहेबांच्या खोलीत जायची भीती वाटली, हे खरं कारण.

"काय लिवलं तुमी?" त्यांनी विचारलं.

"मेला असं."

त्यांनी मान हलवली. माझं चुकलं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठं दिसलं नाही. गावात मी हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. आठ दिवसांचं ते बोललेच नाहीत. मी तो शब्द दिला होता हे त्यांना आठवत होतं, आणि मला आठवू नये म्हणून ते दुसरीकडे पाहत होते, असं मला आज वाटतं.

"मंग त्या दोघाइचं काईच नाई होनार?"

"आता नाही."

"बरं," ते म्हणाले. सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि पायऱ्या उतरून गेले. झाडाखालच्या दोघांना काहीतरी सांगितलं. ते दोघं एका वाटेनं गेले, लालसूभाऊ दुसऱ्या. गावाची वाट ती नव्हती.

ऑक्टोबरात माझी नोकरी कायम झाली. पुढं राज्यही बदललं.

त्या हिवाळ्यात साहेबांबरोबर आलापल्लीच्या बाजूला जायचा प्रसंग आला. सागाची तोड सुरू होती. वाटेत एका कूपाजवळ, म्हणजे जिथं झाडं तोडायला खूण केलेली असते तिथं, जीप थांबली. साहेब वनखात्याच्या अधिकाऱ्याशी बोलायला उतरले, मी मागच्या बाकावर कागद सांभाळत बसून होतो. जीपपासून दहा पावलांवर एका ओंडक्यावर मुन्शी हजेरीचं पुस्तक उघडून बसला होता. नवे मजूर रांगेत उभे होते. रांगेत चौथे लालसूभाऊ होते.

दाढी वाढली होती. खांदा आणखी उतरला होता. मला पाहून त्यांचा चेहरा एकदम खुलला. शेजारच्या मजुराला कोपरानं ढोसून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि काहीतरी सांगितलं. ओळखीचा बाबू आहे, असंच सांगितलं असणार. शेजाऱ्यानं मला आदरानं नमस्कार केला.

त्यांची पाळी आली.

"नाव?" मुन्शी म्हणाला.

त्यांनी जीपकडे पाहिलं.

"नाव काय रे? मुका हाय का?"

लालसूभाऊंनी जीपकडे हात केला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आम्ही सरकारी माणसं ज्या कामासाठी असतो ते काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं, इतकंच. म्हणाले, "त्या बाबूले पुसा जी. त्याइनं लिहून ठेवलं हाय."

मुन्शी उठून उभा राहिला. "काय लिहू, साहेब?"

दोन नावं होती, आणि दोन्हीपैकी कुठलंही चाललं असतं. रांगेतले सगळे माझ्याकडे पाहत होते. समोरून तहसीलदार साहेब परत येत होते.

"लिहा काहीही," मी म्हणालो. "उशीर होतोय."

मुन्शीनं बसून काहीतरी खरडलं. लालसूभाऊंनी अंगठा दिला, बोटाची शाई सागाच्या सालीला पुसली आणि कुऱ्हाड उचलून तोडीच्या बाजूला चालू लागले. जीप सुरू झाली. मुन्शीचं पुस्तक ओंडक्यावर उघडंच होतं, आणि आम्ही त्याच्या अगदी जवळून गेलो. मी मान वळवली नाही.